रव्याचा हात

साकीनाका, पत्र्याचा जिना, गाळा नंबर सतरा.
खाली बाटल्यांची बुचं पाडणारं मशीन धडधडतंय,
वर हुतोक्षी फुगा फुगवायचं सोडून
त्यात रवा भरतेय. उपम्याचा, जाड.
बोटं पाहिजेत कशाला, मोरजकर, असं विचारते
आणि जीभ चावते,
कारण माझ्या उजव्या हाताला तीनच.

विचार की, म्हणालो.
एकोणनव्वद साली प्रेसने नेली,
तेव्हापासून लोक हाताकडे बघतात
आणि हवापाण्याचं बोलतात.

तिने फुगा स्क्रूवर टेकवला, ढिला,
दुपारी झोपलेल्या मांजरासारखा.
पंपाने हवा ओढली. रव्याचा दगड झाला.
स्क्रू उचलला. मग अंडं. मग माझा चष्मा, न विचारता.
ह्याला काय पण समजत नाय, ती खुशीत सांगते,
अंडा काय नि स्क्रू काय.
पहिला ढिला व्हायचा, समोर असेल त्याच्यावर लोळायचा,
मग टाइट.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली,
रवा भाजून घेतला होता का?
नव्हता.
भाजल्यावर पकड सुधारली, आणि हुतोक्षीच्या वहीत नोंद झाली:
सौ. मोरजकर, सूचना पहिली.

त्या गाळ्यात मला पगार कशाचा मिळतो ते नक्की नाही.
चहा आणतो, आवाजावरून बेअरिंग ओळखतो,
बाकी वेळ वाद ऐकतो.

इनास गोराईहून येतो आणि तिरक्या फळीवर दोन पाय सोडतो.
मोटर नाही, वायर नाही, नुसते गुडघे.
ते चालतात. खरंच चालतात,
लग्नातून जेवून परतणाऱ्या माणसासारखे.
डोकं कुठाय याचं, मी विचारलं.
उतारात, म्हणाला.
आणि सपाटीवर?
सपाटीवर तू तरी कुठे जातोस, काका.
याला मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

दर्शना वाघेला कमी बोलते.
तिचं यंत्र दिसायला भिकार:
तेलाचा डबा, सायकलची ट्यूब, पुठ्ठा.
गटारात उतरायचं, तुंबलेलं फोडायचं, एवढंच काम.
इनास म्हणाला, वर येताना अडकेल हे.
अडकू दे.
हुतोक्षी म्हणाली, दोरी लाव नी, ओढून काढू.
दोरी नको. दोरी दिसली
की कोणीतरी काढायला उतरतो.

खालचं मशीन नेमकं तेव्हा जेवणाला थांबलं.

माझा बाप बादली काढायला उतरला होता, ती म्हणाली.
नवी बादली, ठेकेदाराच्या वहीत चढवलेली.
म्हणून मला असं बनवायचंय
की आत राहिलं तर मुकादमाला हळहळ वाटणार नाही.
बादलीपेक्षा स्वस्त.
अजून होत नाहीये.

मग माझ्याकडे वळून तिने विचारलं,
तुमच्या बोटांसाठी प्रेस थांबवली होती?
दहा मिनिटं, म्हणालो.
डाय खराब झाली का ते बघायला.

संध्याकाळी हुतोक्षीने माझा पंजा फुग्यात दाबला,
हवा ओढली.
रव्याने तीन बोटं धरली
आणि उरलेल्या दोन जागांत शिरून
तिथेही घट्ट झाला.
मी जरा वेळ हात तसाच ठेवला.
मग म्हणालो, सोड, बस चुकेल.

रात्री बायकोला दर्शनाचं सगळं सांगितलं.
तिने ताट उचललं, मोरीत ठेवलं, नळ सोडला,
आणि पाठमोरीच म्हणाली,
डबा कशाला? उडदाच्या पिठाचं अंग करा.
पापड वाळला की पत्र्यासारखा कडक होतो.
अडकला तर भिजेल,
भिजला की विरेल,
काढायला काही उरतच नाही.

उद्या दोन किलो उडदाचं पीठ घेऊन जातोय.
सूचना दुसरी.
बिल कोणाच्या नावावर, ते ठरलेलं नाही.